हौशी कोण, पगारी कोण? हिवरे बाजारचा क्रिकेटपटू आणि पालवणकर बाळू

हिवरे बाजारला अभ्यास दौऱ्यावर गेलेला माणूस दोन गोष्टी ऐकून परत येतो. एक पाण्याची आणि दुसरी क्रिकेटची. पाण्याची गोष्ट आता सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. क्रिकेटची गोष्ट अशी, की पोपटराव पवार नावाचा गावातला तरुण पुण्यात शिकत होता, एम.कॉम. झाला होता आणि क्रिकेट उत्तम खेळत होता. पोराने शहरात नोकरी धरावी किंवा क्रिकेटमध्ये नाव काढावे, असे घरच्यांना वाटत होते. गावातल्या तरुणांनी मात्र आग्रह धरला की तू सरपंच हो. शिकलेला तूच आहेस. १९८९ मध्ये तो बिनविरोध सरपंच झाला. मैदान सुटले आणि गाव उभे राहिले.

आमच्या कार्यकर्त्यांनीही ही गोष्ट गावातच ऐकली आहे, आणि टाळ्याही वाजवल्या आहेत. गोष्ट खोटी नाही. ज्या गावात दारूच्या भट्ट्या होत्या आणि विहिरी आटलेल्या होत्या, तिथे आज पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडला जातो. १९९५ मध्ये दारिद्र्यरेषेखाली असलेली कुटुंबे १६८ होती, ती पुढे तीनवर आली, हा आकडा देशभर सांगितला जातो. २०२० साली पोपटरावांना पद्मश्री जाहीर झाली. हे श्रेय काढून घ्यावे असे आम्हाला वाटत नाही. आम्हाला प्रश्न पडला तो क्रिकेटच्या गोष्टीवर, आणि तो पडायला कारण झाला आमच्या वस्तीतला एक मुलगा.

हा मुलगा बास्केटबॉल खेळतो. उंच आहे, हात लांब आहेत, कॉलेजच्या संघात आहे. भीमजयंतीच्या मिरवणुकीत त्याच्याबरोबर फोटो काढायला पोरांची रांग लागते. त्याच्यापुढे सध्या दोन वाटा आहेत. एका खासगी लीगवाल्यांनी दोन-तीन महिन्यांच्या कराराचे विचारले आहे. दुसरी वाट म्हणजे कराराच्या नादी न लागता खेळाडू कोट्यातून रेल्वेच्या भरतीची तयारी करायची. आई धुणीभांडी करते. आमच्या अभ्यासवर्गात विषय निघाला तेव्हा वयाने मोठे असलेले एक कार्यकर्ते त्याला म्हणाले, "बाळा, पैशासाठी खेळू नकोस, खेळासाठी खेळ. पोपटरावांनी बघ, हातातलं क्रिकेट सोडलं गावासाठी." मुलगा थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "काका, त्यांना सोडता आलं. मला आधी धरू तर द्या."

या उत्तरामुळे आम्हाला इतिहास उघडावा लागला.

'हौशी' हा शब्द आपल्याकडे गोड वाटतो. हौशी नाटक, हौशी गायक. खेळाच्या इतिहासात मात्र हा शब्द माणसे वेगळी काढण्यासाठी वापरला गेला. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकात हौशी खेळाडूची व्याख्या करताना नुसते 'जो पैसे घेत नाही तो' असे म्हटले नव्हते. तिथल्या नौकाशर्यतींच्या आणि धावण्याच्या जुन्या नियमांत कारागीर आणि मजूर हौशी ठरूच शकत नव्हते, मग त्यांनी खेळण्याचा एक पैसाही घेतलेला नसो. म्हणजे हाताने काम करून पोट भरणे हाच दोष. वाचताना ओळखीचे वाटते ना?

क्रिकेटमध्ये तर 'जंटलमेन' विरुद्ध 'प्लेअर्स' असा सामनाच दरवर्षी होई. जंटलमेन म्हणजे हौशी, प्लेअर्स म्हणजे पगारी. कपडे बदलण्याच्या खोल्या वेगळ्या, मैदानात उतरण्याचे दरवाजे वेगळे. धावफलकावर हौशाची आद्याक्षरे आडनावाच्या आधी छापली जात आणि पगारी खेळाडूची नंतर. लॉर्ड्सवर एकदा फ्रेड टिटमस या पगारी खेळाडूची आद्याक्षरे चुकून आडनावाच्या आधी छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून त्याची जाहीर दुरुस्ती करण्यात आली. कर्णधार शक्यतो हौशीच असायचा. विसाव्या शतकात इंग्लंडचे कर्णधारपद पगारी खेळाडूला, लेन हटनला, मिळायला १९५२ साल उजाडले. हा सगळा भेद संपला १९६२ मध्ये. तोवर आपल्याकडे भारतीय राज्यघटनेला बारा वर्षे झाली होती.

बाबासाहेबांनी जातिव्यवस्थेबद्दल जे मांडले, की ती कामांची नव्हे तर काम करणाऱ्या माणसांचीच वाटणी आहे आणि तीही वरखाली रचलेली, ते इथे ताडून पाहा. फलंदाजी आणि गोलंदाजी ही खेळातल्या कामाची वाटणी झाली. जंटलमन आणि प्लेअर ही माणसांची वाटणी. इंग्रज हा भेद घेऊन आपल्याकडे आला, तेव्हा त्याला इथे आधीच नांगरलेले शेत मिळाले.

त्या शेतात एक माणूस उगवला. पालवणकर बाळू. मूळ गाव रत्नागिरीकडचे पालवण, जन्म १८७६ चा, धारवाडचा. जात चांभार. वडील लष्कराच्या चाकरीत, त्यामुळे कुटुंब पुण्याला आले. गोऱ्या अधिकाऱ्यांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू घेऊन बाळू आणि त्यांचे भाऊ खेळायला शिकले. शिवराम, विठ्ठल आणि गणपत हे तिन्ही भाऊ पुढे क्रिकेटमध्ये नावाजले. बाळूंची पहिली नोकरी पारशांच्या एका क्लबात होती. खेळपट्टी झाडायची, तिच्यावर रोलर फिरवायचा आणि मधूनमधून सभासदांना गोलंदाजी करायची. पगार महिना तीन रुपये. मग ते युरोपियनांच्या पूना जिमखान्यात लागले, तिथे चार रुपये.

त्या चार रुपयांत जाळी लावणे आले, खेळपट्टी तयार करणे आले आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकणे आले. जे. जी. ग्रेग हे तिथले नामांकित फलंदाज. बाळूंनी आपल्याला बाद केले की ग्रेगसाहेब दर वेळी आठ आणे देत, अशी गोष्ट सांगितली जाते. ही गोष्ट लोक कौतुकाने सांगतात. आम्ही मात्र हिशेब करतो. महिन्यातून आठ वेळा साहेबाचा त्रिफळा उडवला की पगाराइतकी रक्कम. त्या काळात महाराष्ट्रातल्या कुठल्या अस्पृश्य माणसाला त्याच्या बोटांतल्या कसबाचा असा रोख भाव मिळत होता? गावात असते तर बलुते मिळाले असते, तेही खळ्यावर उभे राहून. मात्र पूना जिमखान्याने त्यांच्या हातात सरावालाही बॅट दिली नाही. फलंदाजी साहेबाची आणि गोलंदाजी नोकराची.

यातून डावखुऱ्या फिरकीचा असा गोलंदाज घडला की पुण्याच्या हिंदू क्लबापुढे पेच उभा राहिला. युरोपियनांना हरवायचे तर बाळू पाहिजेत, आणि बाळू घ्यायचे तर विटाळाचे काय? त्यांनी सोवळ्यातला तोडगा काढला. मैदानावर चेंडू सगळ्यांच्या हातात फिरायचा, तो बाटत नव्हता. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात चहा. जेवण वेगळ्या जागी. हात-तोंड धुवायचे तर पाणी आणून देणारा अस्पृश्य गडीच. बळी मिळवून देणारा हात आणि विटाळ करणारा हात एकाच माणसाचा होता, आणि खेळ सुरू आहे की चहा, यावर त्या हाताची जात ठरत होती.

पुण्यातल्या प्लेगच्या दिवसांत बाळू मुंबईला गेले. परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्यासाठी ते खेळू लागले आणि नोकरी मिळाली बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वेत. रेल्वेच्या संघातूनही ते खेळत. ही नोंद आम्ही मुद्दाम ठळक करतो. धर्माचा जिमखाना त्यांना 'आपला' खेळाडू म्हणत होता, पण घर चालत होते रेल्वेच्या पगारावर. आज आमच्या वस्तीतला मुलगा ज्या भरतीच्या जाहिरातीची वाट पाहतो, ती रेल्वेचीच. बी.बी.सी.आय.चीच पुढे १९५१ मध्ये पश्चिम रेल्वे झाली.

फेब्रुवारी १९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले. हिंदूंच्या २४२ आणि १६०, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. बाळू आणि शिवराम दोघेही त्या संघात होते. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली संघ इंग्लंडला गेला. संघ बहुतेक सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले, सरासरी १८.८४. ते परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला आणि त्या सत्काराचे मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी तयार केले, असे बाळूंवर लिहिणारे इतिहासकार सांगतात. बाबासाहेब तेव्हा एल्फिन्स्टन कॉलेजात होते. अस्पृश्य समाजाला अभिमानाने दाखवता येईल असा देशभर गाजलेला पहिला माणूस चेंडू टाकणारा निघाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

एवढे होऊनही कर्णधारपद नाहीच. संघातला सर्वात अनुभवी आणि सर्वाधिक यशस्वी खेळाडू असूनही हिंदू संघाची धुरा वर्षानुवर्षे दुसऱ्याच कुणाकडे. १९२० मध्ये बाळूंना संघातून वगळले गेले आणि कर्णधारपदासाठी भावांचाही विचार झाला नाही, तेव्हा शिवराम आणि विठ्ठल यांनी जाहीर निवेदन काढून सामन्यातून अंग काढून घेतले. आमच्या दृष्टीने हा खेळाच्या मैदानावरचा सत्याग्रह आहे, महाडच्या सात वर्षे आधीचा. वर्तमानपत्रांत वाद पेटला. पुढच्या सामन्यात बाळूंना परत बोलवावे लागले, उपकर्णधार करावे लागले. आणि १९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी स्पर्धा जिंकली.

आता आपल्यातल्या काहींना न आवडणारा भाग. १९३२ मध्ये स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर बाळू बाबासाहेबांच्या बाजूने नव्हते. पुणे करारावर त्यांची सही आहे. १९३७ च्या निवडणुकीत मुंबईत काँग्रेसने बाबासाहेबांच्या विरोधात उभे केले ते बाळूंनाच. बाबासाहेबांना १३,२४५ मते पडली, बाळूंना ११,२२५. दोन हजार वीस मतांचा फरक. आमचे काही साथी यावरून बाळूंना 'हरिजन' छापाचे ठरवून मोकळे होतात. आमचे मत वेगळे आहे. बाळूंनी जन्मभर जे मिळवले ते दुसऱ्यांच्या मैदानावर, दुसऱ्यांच्या क्लबात, दुसऱ्यांच्या मर्जीने. इतक्या वर्षांनी का होईना, पंगत मिळाली होती, भाऊ कर्णधार झाला होता. चांगले खेळत राहिलो तर ते आपल्याला आत घेतील, हा त्यांचा अनुभव होता. बाबासाहेबांचा अनुभव असा, की परदेशी पदव्या घेऊन आल्यावरही बडोद्यात राहायला खोली मिळत नाही. राजकीय निर्णयात बाळू चुकले असे आम्ही स्पष्ट म्हणतो. पण ज्यांनी त्यांना मातीच्या भांड्यात चहा दिला त्यांच्याच वारसांनी त्यांना बाबासाहेबांविरुद्ध उभे केले, हे न सांगता बाळूंवर बोट ठेवणे अर्धवट आहे. ४ जुलै १९५५ रोजी बाळू गेले.

या सगळ्यात बास्केटबॉल कुठे आला? अमेरिकेत आला. तिथे कॉलेजचा खेळाडू 'हौशी' असलाच पाहिजे, असा नियम होता. कॉलेजांनी तिकिटे विकायची, दूरचित्रवाणीचे हक्क विकायचे, प्रशिक्षकाला लाखो डॉलर द्यायचे आणि खेळणाऱ्याला फक्त शिष्यवृत्ती. 'विद्यार्थी-खेळाडू' हा शब्दच १९५० च्या दशकात रूढ केला गेला, तो जखमी खेळाडूंना कामगार म्हणून भरपाई मागता येऊ नये यासाठी. बास्केटबॉलमध्ये या हौशीपणाची किंमत सर्वाधिक मोजली ती काळ्या मुलांनी.

स्पेन्सर हेवूड हा त्यातलाच. मिसिसिपीत जन्मला, लहानपणी आईबरोबर कापूस वेचला. १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये एकोणीस वर्षांच्या या पोराने अमेरिकेला सुवर्ण मिळवून दिले. एनबीएचा नियम मात्र असा, की शाळा संपल्यावर चार वर्षे होईपर्यंत व्यावसायिक खेळायचे नाही. हेवूड न्यायालयात गेला. मधल्या काळात त्याला मैदानातून बाहेर काढण्याचे प्रकारही झाले. १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर लीगने घरची परिस्थिती हलाखीची असल्यास लवकर व्यावसायिक होण्याची सवलत दिली. गरिबीचा दाखला दाखवा आणि कमावण्याची परवानगी मिळवा. आपल्याला दाखल्यांची सवय आहे, म्हणून हे चटकन कळते. कॉलेजांच्या हौशीपणाला मोठा तडा गेला तो थेट २०२१ मध्ये, पुन्हा सर्वोच्च न्यायालयातच.

आता हिवरे बाजारला परत येऊ. पोपटरावांच्या गोष्टीत दोनदा 'हौस' येते. क्रिकेटची एक, आणि गावाच्या कामाची दुसरी, जिला तिथे श्रमदान म्हणतात. नशाबंदी, नसबंदी, चराईबंदी, कुऱ्हाडबंदी आणि श्रमदान ही आदर्श गावाची पंचसूत्री. श्रमदान म्हणजे हौशी श्रम. ज्याची जमीन पायथ्याला आहे तो डोंगरावर चर खणतो, तेव्हा मुरलेले पाणी त्याच्याच विहिरीत उतरते. ते दान आहेच, पण त्याला परतावा आहे. ज्याला जमीनच नाही त्याने खणलेल्या चराचे पाणी दुसऱ्याच्या विहिरीत. आणि चराईबंदी झाली की पहिली शेळी विकावी लागते ती भूमिहीनाला. ही आदर्श गावाच्या प्रत्येक प्रयोगाला विचारायची गोष्ट आहे, एकट्या हिवरे बाजारला नव्हे.

शिवाय आपल्या समाजाला फुकट श्रमाचा इतिहास आहे. महारांनी गावाची सरकारी आणि पाटलाची कामे करायची, मोबदला म्हणून वतनाचा तुकडा आणि बलुत्याचे चार दाणे. काम न केल्यास गुन्हा. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे विधेयक मांडले, तेव्हा त्यांची मागणी थोडक्यात हीच होती की काम हवे असेल तर रोख पगार द्या. ती वतने कायद्याने जायला १९५८ नंतरचा काळ यावा लागला. ज्यांच्या आजोबांनी वेठ केली त्यांच्या नातवाला 'श्रमदान कर, पैशाचा विचार करू नको' असे सांगताना जीभ थोडी अडखळली पाहिजे.

आणि गंमत अशी की हिवरे बाजारचे डोंगर नुसत्या श्रमदानाने हिरवे झालेच नाहीत. तिथे रोजगार हमी योजनेचा निधी वापरला गेला, आदर्श गाव योजनेचा पैसा आला. रोजगार हमी म्हणजे १९७२ च्या दुष्काळातून जन्मलेली आणि पुढे कायदा झालेली, खड्डा मोजून मजुरी देणारी योजना. म्हणजे चर खणणाऱ्यांत हौशी होते तसे पगारीही होते. भाषणात मात्र श्रमदानच येते. मजुरी घेऊन ज्यांनी डोंगर खणला त्यांची आद्याक्षरे आडनावानंतर छापली गेली, असे म्हणू या.

'बिनविरोध' या शब्दाबद्दलही थोडे. १९८९ मध्ये सरपंचपदाला आरक्षण नव्हते, ते ७३ व्या घटनादुरुस्तीनंतर आले. गाव एकमताने निवडते तेव्हा ते एकमत कुणाच्या ओट्यावर ठरते, हे नगर जिल्ह्यातल्या आपल्या माणसाला वेगळे सांगायला नको. हा खर्ड्याचा आणि सोनईचाही जिल्हा आहे. हिवरे बाजारमध्ये जानेवारी २०२१ ला सुमारे तीस वर्षांनी ग्रामपंचायतीची निवडणूक झाली. पोपटरावांच्या पॅनेलनेच ती जिंकली. मते मागून जिंकले, हे आम्हाला बिनविरोधपेक्षा कितीतरी बरे वाटते.

राहिला आमचा मुलगा. भारतात बास्केटबॉलची व्यावसायिक लीग म्हणजे पत्र्याची शेड, वारा आला की उडते. यूबीए नावाची लीग २०१५ मध्ये सुरू झाली आणि दोन-तीन वर्षांत थांबली. तिच्यातल्या पुण्याच्या संघाचे नाव होते 'पुणे पेशवाज'. आपल्या पोराने ती जर्सी घालून खेळायचे म्हणजे कोरेगावच्या स्तंभाला काय वाटेल, यावर अभ्यासवर्गात बराच हशा झाला. देशातले नावाजलेले बास्केटबॉलपटू आजही रेल्वे, सेनादले, ओएनजीसी, इंडियन ओव्हरसीज बँक अशा ठिकाणी नोकरी करून खेळतात. कागदावर हौशी आणि पोटाला पगारी. बाळूंनी शतकापूर्वी शोधलेली वाट तीच. राज्य सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण त्यासाठी प्रमाणपत्र कोणत्या स्पर्धेचे चालते, ते पडताळणीत टिकते का, हे कुणीतरी आधी बघावे लागते. ते बघणारा हौशी काका आपल्या वस्त्यांत नसतो.

म्हणून आम्ही त्या दोघांना, मुलाला आणि आईला, बसवले आणि लीगचा करार मोठ्याने वाचला. मानधन किती, हप्ते कधी, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कुणाचा, लीग बंद पडली तर काय, करार केल्यावर संघटनेच्या अधिकृत स्पर्धांना मुकावे लागेल का. दुखापतीच्या रकान्यात एक ओळही नव्हती. आईने विचारले, "गुडघा गेला तर?" वकील साथीने ते कलम लिहून दिले आहे आणि ते घालून करार परत पाठवला आहे. रेल्वेच्या भरतीसाठी लागणारी प्रमाणपत्रे काढण्याचे काम आमच्यातल्या दोघांनी अंगावर घेतले आहे. पोरगा रोज संध्याकाळी सहाला कोर्टवर असतो. लीगवाल्यांचे उत्तर अजून यायचे आहे.